पटावरची हाक

अमरावतीला कॅम्पात साहेबलोक संध्याकाळी एक खेळ खेळतात. मधे जाळी बांधायची, दोन्ही अंगांना उभं राहायचं आणि तात विणलेल्या फळीनं चेंडू इकडून तिकडे मारायचा. कचेरीच्या कामाला गेलो की मी कुंपणापाशी थोडा वेळ रेंगाळतो. चेंडूकडे माझं फारसं लक्ष नसतं. मी बघतो ते बाहेर खुर्च्यांवर बसलेल्या माणसांकडे. त्यांत खेळणाऱ्यांच्या बायका असतात, भाऊ असतात, दोस्त असतात, पण एकजण तोंड उघडेल तर शपथ. फटका चांगला बसला की दोन टाळ्या वाजवतात, की पुन्हा चिडीचूप.

एकदा मी तिथल्या चपराशाला विचारलंच, "काहून रे, हे लोक त्याले सांगत काहून नाई? तो पोट्टा सारखा डाव्या अंगाले चुकून राहिला. आंधळ्यालेबी दिसन."

चपराशी म्हणाला, "सांगाची मनाई हाये, काका. खेळ सुरू झाला का बाहेरच्यानं बोलाचं नाई. ज्याचा त्यानं खेळावं."

"बाहेरचा कोन? ते बाई त्याची बायको हाये ना?"

"बायको झाली त काय झालं? बाहेरचीच."

मला असा राग आला की विचारू नका. चपराशाचा काय दोष? आणि साहेबांचा तरी काय, खेळ त्यांचा, नियम त्यांचे. राग माझा मलाच आला होता आणि तो चाळीस वर्षांचा जुना होता. तसाच तणतणत गाडी जुंपून गावी आलो.

यंदा आमच्या पंचक्रोशीतही हाच प्रश्न निघाला आहे. बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. त्या पटावर शेवटाला उभं राहून घरच्या माणसानं जोडीला हाक मारावी की मारू नये, यावर पंचांत दोन तट पडले. जुना धुरकरी म्हणून मला विचारायला आले. धुरकरी म्हणजे छकड्यावर उभा राहून जोडी पळवणारा. जवानीत मी तेच केलं. मी त्यांना पानसुपारी दिली आणि म्हटलं, हाक असू द्या. कारण विचारलं तेव्हा उठून गोठ्यात गेलो. म्हातारा तिरसट झाला असं म्हणत ते गेले असतील. म्हणू देत. तोंडानं सांगणं मला जमलं नसतं. लिहून जमतं का ते बघतो.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे. तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. लढाई कोणाची आणि कशापायी हे आमच्या गावात एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे दोघे मला माहीत आहेत. त्या काळात लोकांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं आजकालची पोरं एकमेकांना सांगतात. मी काही तशा धावा पाहिल्या नाहीत. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या मात्र पाहिल्या. लांब कशाला, आमच्याच बैलांच्या होत्या. ज्याच्या घरी आधी दोन बैल होते त्याच्या घरी सहा झाले, आणि कामाची जोडी वेगळी, पटाची वेगळी, असा थाट सुरू झाला. पटाची जोडी नांगराला लावायची नाही, कापसाच्या गाडीला जुंपायची नाही. तिनं सरकी खायची, उन्हात चमकायचं आणि माघात पळायचं.

आमची पटाची जोडी माझ्या वहिनीनं वाढवली होती.

आई मला आठवत नाही. वहिनी घरात नांदायला आली तेव्हा मी चार वर्षांचा असेन आणि ती तेरा-चौदांची. न्हाऊ घालणं, केस विंचरणं, काटा काढणं, मार वाचवणं, हे सगळं तिनं केलं. तरी मी दीर, म्हणून मला 'भाऊजी' म्हणायची आणि अहोजाहो करायची. नाक पुसायलाही "भाऊजी, नाक इकडे करा" असं. गावातल्या बाया हसायच्या.

मी सतरा वर्षांचा असताना माझा भाऊ पटकीनं गेला. सकाळी वावरात गेला होता आणि दिवस मावळायच्या आत घरात रडारड झाली. वहिनीला मूलबाळ नव्हतं. आमच्यात दुसरं घर करायची मुभा आहे, आणि तिचं वय तरी काय होतं? तिचे माहेरचे दोनदा न्यायला आले. दोन्ही वेळा तिनं एकच उत्तर दिलं, "वासरं लहान हायेत, मंग पाहू." दिराचं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण तिनं वासरांचं नाव घेतलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून मी त्या वासरांवर थोडा जळतच होतो.

त्याच साली आमची एक गवळाऊ गाय पान लागून, म्हणजे साप चावून, मेली होती आणि दुसरी आटली होती. दोघींची दोन गोऱ्ही मागे राहिली होती. वहिनीनं फडक्याची वात दुधात बुडवून ती त्यांच्या तोंडात देत त्यांना जगवलं. पुढे उकडलेली सरकी, घाण्यावरची ढेप, गुळाचा खडा. पांढरीशुभ्र, कानाशी जराशी काळी, अशी ती जोडी निघाली. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो, कारण थोरला पंधरा दिवसांनी मोठा होता.

वहिनी घरात फार बोलत नसे. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर जसा ढळू द्यायचा नाही तसा आवाजही ढळू द्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. भाऊ गेल्यावर तर ती "हो" आणि "नाई" यावर आली. दिवसभराचं बोलणं साठवून ती गोठ्यात नेत असावी. तिथे तिचं तोंड नुसतं चालू असायचं. कोणाच्या घरी काय झालं, मीठ कसं जास्त पडलं, आज पाय किती दुखतो, सगळं बैलांना. आणि ते दोघे रवंथ थांबवून ऐकायचे. मी दाराआडून पाहिलं आहे. कान असे तिच्याकडे वळलेले असायचे.

पटावर तिची हाक कशी सुरू झाली तेही सांगतो. पहिल्याच वर्षी जोडी गर्दीला बुजली आणि अर्ध्या पटावर अडून उभी राहिली. मी कासरे हासडले, शेपट्या पिरगाळल्या, घसा फोडला, पण दोघे पाय रोवून उभे. शेवटाला बायांच्या घोळक्यात वहिनी होती. तिला ते पाहवेना. कोण आहे, कोण नाही याचं भान न राहता ती ओरडली, "या बाबू! या माह्या बाबूंनो, या!" मला काही कळायच्या आत छकडा हवेत उडाला. मी पडता पडता वाचलो.

तेव्हापासून वडील प्रत्येक पटाला तिला गाडीत घालून नेऊ लागले. दोन दिवस आधीपासून ती निळं लुगडं धुऊन घडी करून उशाखाली ठेवायची. पटावर गेलं की लोक विचारायचे, "हाकवाली आली काय?" कुठल्या गावची, कोणाची कोण, हे माहीत नसलेलेही वाट करून द्यायचे. वर्षातले तीनशेसाठ दिवस जी बाई चुलीशी आणि गोठ्यात होती तिला ते चार-पाच दिवस असे मिळायचे की ती माणसांत उभी राहून मोठ्यानं बोलायची आणि तिच्या बोलण्यानं काही तरी घडायचं. मला हे आज कळतं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, मिशीला पीळ द्यायचो आणि जोडी माझ्या हातानं पळते असं समजत होतो.

त्या माघात अकोल्याच्या बाजूला मोठा पट भरला. तीन दिवसांचा. वडिलांचे गुडघे धरले होते म्हणून ते घरी राहिले आणि आमच्या गावच्या तीन-चार गाड्यांबरोबर मी, वहिनी आणि आमचा सालदार गडी असे गेलो. कापूस वेचून झालेल्या काळ्या वावरातून दोन पट्टे काढले होते, शेजारी शेजारी. दोन जोड्या एकदम सोडायच्या, आणि जिची मान शेवटच्या निशाणापुढे आधी जाईल ती जिंकली. निशाणापाशी पंच बसलेले. आमच्या पट्ट्याच्या टोकाला, निशाणाच्या पलीकडे एक बाभूळ होती. वहिनी तिथे उभी राहिली.

पहिल्याच दिवशी आमची गाठ तिकडच्या एका पाटलाशी पडली. त्याची जोडी नावाजलेली होती. सोडल्याबरोबर ती अर्धा छकडा पुढे गेली. मग बाभळीखालून हाक आली आणि आमच्या दोघांनी माती अशी उडवली की मला पुढचं काही दिसेना. जिंकलो. लोकांनी फेटे उडवले. आमच्याच गावचा एक सोबती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा रे धुरकरी! जोडी पळवली वहिनीनं, अन तू छकड्यात ठेवेल गठोडं! पडला नाई हेच लय झालं!"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते 'गठोडं' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. दुपारी भाकर खाताना तेच, बैलांना पाणी पाजताना तेच. आणखी दोघांनी उचललं. एकानं तर विचारलं, "गठोडं कितीले देता?"

ऊन कलल्यावर पाटील पंचांकडे गेला. माणूस गोड, तोंडात शिवी नाही, आणि हरल्याची चिडचिड नाही. त्यानं मला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच बोलला. गाऱ्हाणं पाठीमागे करणं त्याला आवडत नसावं.

"पंचहो," तो म्हणाला, "बाई चांगली हाये, मी तिले नावं नाई ठेवत. पन तिची हाक माह्या बैलाच्याबी कानात जाते ना! माहा डावा बैल अर्ध्यातून तिच्याकडेच वळून राहिला. मंग हे कसं? आज हाक हाये, उद्या कोनी ढेपीचं टोपलं घेऊन उभा राहीन, परवा कोनी गाय आनून बांधीन. पट बैलाचा अन धुरकऱ्याचा. सोडल्यावर बाहेरच्यानं काई करू नये, येवढंच माहं म्हननं."

आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्याचं म्हणणं अगदीच वाकडं नव्हतं. त्याचा बैल वळला होता हे मीही पाहिलं होतं. हाकेला काही शिस्त असावी, एकानं मारावी, ठरल्या जागेवरून मारावी, असं पंच म्हणाले असते तर मी आजही मान डोलावली असती. पण 'बाहेरचा' हा शब्द काही माझ्या गळी उतरत नाही. वातीनं दूध पाजणारी, पाच वर्षं रोज सरकी उकडणारी, खूर सुजला तर रात्रंदिवस शेकणारी ती बाहेरची, आणि वर्षातून चार वेळा छकड्यावर चढणारा मी आतला? ही रेघ कोणी आखली? साहेबांच्या त्या खेळातही मला हेच सलतं. एखाद्याला कोणी तरी शिकवलेलं असतं, घडवलेलं असतं, आणि नेमक्या कसोटीच्या घडीला त्यालाच म्हणायचं, तू गप्प बस, तुझा काय संबंध?

पण हे सुचायला मला म्हातारा व्हावं लागलं. त्या दिवशी पंचांपुढे मी उभा होतो तो 'गठोडं' कानात घेऊन.

पंचांतला सगळ्यात म्हातारा जरा कमी ऐकायचा. त्यानं हात कानामागे धरून पाटलाचं ऐकलं आणि माझ्याकडे वळला. "याच्यात आमी काय सांगावं? ज्याची हाक त्याले इचारा. बोल गड्या, तुले वहिनीची हाक पायजे का नाई? तू म्हनशीन त राहू देऊ. आजलोक कोनी मना केली नोती."

म्हणजे सगळं माझ्यावर होतं. "पाहिजे" एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पंच राजी होते, पाटील तक्रार करून मोकळा झाला होता, आणि भांडायला कोणी उभं नव्हतं. पण समोर माझा तो सोबती उभा होता, मिशीत हसत.

मी म्हणालो, "नाई पायजे. जोडी मी पळवतो. मले कोनाच्या हाकेची गरज नाई."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण जीभ एकदा सुटली की सुटली. मी पुढे म्हणालो, "अन बाईमानसानं पटावर असं वरडनं शोभत नाई. बंद करा."

पंचांनी माना हलवल्या. उद्यापासून सोडल्यावर जोडीला बाहेरून कोणी हाक मारायची नाही, कोणाच्याच, असं ठरलं. सोबत्याचं हसू थांबलं. मला वाटलं, जिंकलो. वळलो तर आमच्या गाडीच्या चाकामागे वहिनी उभी होती. बैलांसाठी कडबा काढायला आली होती. पेंढी तिच्या काखेत होती आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी पाणी प्यायच्या मिषानं दुसरीकडे गेलो. जेवायला बसलो तेव्हा तिनं भाकर वाढली, वर ठेचा ठेवला, तेलाची धार सोडली. नेहमीसारखीच. मला वाटत होतं की रागावेल, निदान थाळी आपटेल. मग मलाही चढून बोलता आलं असतं. तसं काही झालं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "भाऊजी, हाक मारनार नाई मी. पन उभी राहू काय? का तेबी नाई?"

"राहा की," मी म्हणालो.

"तुमी इचारून या. उगीच माह्यापायी कोनी बोट दाखवाले नको."

मी पंचांकडे गेलो. कमी ऐकणाऱ्या म्हाताऱ्याला तीनदा सांगावं लागलं. मग त्यांच्यात बराच खल झाला. शेवटी ठरलं की उभं राहायला हरकत नाही. हात हलवायचा नाही, पदर उडवायचा नाही, हातात टोपलं नको, टाळी नको. मी येऊन तिला सांगितलं. तिनं एकेक नीट ऐकून घेतलं.

"अन खोकला आला त?"

मला वाटलं, टोमणा मारते आहे. पण तिचा चेहरा पाहिला तर ती खरंच विचारत होती. दिवसभर उडणाऱ्या धुळीनं तिचा घसा धरला होता. मी पुन्हा गेलो. या वेळी पंच खो खो हसले. म्हाताऱ्यानं निवाडा दिला, "एक खोकला चालीन. दुसरा आला त चौकशी होईन!" मीही हसलो. ती हसली नाही. तिनं सालदाराकडून गुळाचा खडा मागून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमची पाळी नव्हती. मी इतरांच्या जोड्या बघत हिंडलो. मला कोणी गठोडं म्हटलं नाही, आणि त्या खुशीत अंगात वारं भरलं होतं. दुपारी परतलो तर गाडीच्या सावलीत वहिनी बैलांना खरारा करत होती. तिची माझ्याकडे पाठ होती.

"उद्या मी बोलनार नाई बरं काय," ती धाकट्याला सांगत होती. "रुसली असं समजू नोका. तसा नेमच झाला. मी तिथंच राहीन, बाभयीखाली. दिसन तुमाले. तुमी आपले या. भाऊजी सांगतीन तसं करा." मग थोरल्याच्या मानेवर हात थांबवून म्हणाली, "तू समजदार हायेस. याले सांभाळून आन."

मी तिथून हललो. वाटलं की जाऊन म्हणावं, वहिनी, चुकलं माझं, आत्ता पंचांना सांगून येतो. तेवढं करायला मला काही ओझं उचलायचं नव्हतं. पन्नास पावलांवर पंच बसले होते. पण काल भर सभेत बोललेलं आज गिळायचं म्हणजे लोक काय म्हणतील? म्हटलं, उद्या जिंकून दाखवतो, मग सगळं आपोआप ठीक होईल. बावीस वर्षांच्या माणसाला सगळं आपोआप ठीक होईल असं वाटतं.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या धावेला पुन्हा पाटीलच समोर आला. एक हार झेलूनही बाकीच्यांना मागे टाकत तो वर आला होता. पट दोन्ही बाजूंनी माणसांनी गच्च भरला होता. मी छकड्यावर चढण्याआधी त्याच्याकडे पाहिलं तर त्यानं हात जोडले. चांगला माणूस होता तो.

डफ वाजला. सोडलं.

सुरुवात आमची चांगली झाली. पाव पट आम्ही बरोबरीनं गेलो. मी ओरडत होतो, कासरे सैल सोडले होते, आणि मला वाटलं, बघा, झालं की नाही! आणि तेवढ्यात दोघांचे कान पुढे झाले. मी छकड्यावरून पाहत होतो. चारही कान पुढे वळले आणि तिथेच थांबले. नेहमी एवढ्या अंतरावर आलं की हाक यायची. ते ऐकत होते. पळत होते, पण ऐकता ऐकता पळत होते, आणि ऐकणाऱ्याचा पाय जरा मंद पडतोच.

पाटलाची जोडी पुढे गेली. मी तोंडात येईल ते ओरडलो. मग मला काय झालं कोण जाणे, मी तिचीच हाक मारली. "या बाबू! या माह्या बाबूंनो!" माझ्या राठ आवाजात. धाकट्यानं कान झटकला, माशी बसल्यासारखा.

अर्धा पट संपला आणि धुळीतून बाभूळ दिसली. तिच्याखाली निळं लुगडं. ती दिसली मात्र, थोरल्यानं मान खाली घातली आणि धाकट्याला खेचत निघाला. काय पळाले ते! माझ्या सगळ्या जन्मात कुठलीच जोडी तशी पळाली नाही. पाटलाला गाठलं, त्याच्या बैलांच्या पाठीशी आलो, खांद्याशी आलो, आणि निशाण आलं. एका मानेनं हरलो. आणखी चार हात पट असता तर आमचा होता.

निशाण ओलांडल्यावर आमची जोडी मी कधी थांबवत नसे. ती आपणच वहिनीपुढे जाऊन थांबायची, आणि ती दोघांच्या गळ्यांत हात टाकून त्यांच्याशी काहीबाही बोलत राहायची, फेस पुसत, धूळ झटकत. त्या दिवशीही दोघे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. पोटं भात्यासारखी हलत होती. थोरल्यानं तिच्या खांद्याला नाक लावलं. धाकट्यानं तिचा हात शोधला. हात सापडेना, कारण तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून पोटाशी धरले होते. ओठ मिटलेले, एका गालात गुळाचा खडा, नजर सरळ समोर.

धाकटा हंबरला. ती हलली नाही.

मागे पाटलाच्या माणसांनी गुलाल उधळला. डफ वाजू लागले. पंच उठले आणि फेटा बांधायला तिकडे गेले. लोक आमच्याकडे पाठ करून तिकडे धावले. पट संपला होता.

धाकटा पुन्हा हंबरला आणि तिच्या पदराला तोंड घासू लागला. मला वाटलं, आता मात्र ही रागावली. माझ्यावरचा राग बैलांवर काढते आहे. मी छकड्यावरून उडी मारली आणि जवळ जाऊन म्हटलं, "वहिनी, हरलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरले होते. मग बैलांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंड पार दुसरीकडे वळवलं, पदर ओठांशी धरला आणि अगदी हळू मला विचारलं,

"भाऊजी, आता बोलू काय?"

मी होकाराची मान हलवली. मी मान हलवेपर्यंत ती तशीच गप्प उभी होती.